सुट्टीच्या दिवसाची गोळी

अख्खी गाडी ओरडत असो, शाळेची पोरं पत्रा बडवत असोत, माझी डबल बेल कानावर पडल्याशिवाय ड्रायव्हरमामा क्लचवरचा पाय काढत नसत. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. "गाडी माझी, पर माणसं तुमची, बाई," असं म्हणायचे. दौंड–शिरूरच्या लाल गाडीवर मी अकरा वर्षं त्यांची कंडक्टर होते. एवढ्या वर्षांत माझ्या बेलआधी त्यांनी गाडी एकदाही हलवली नाही.

ड्युटीवर मामा पाणी पीत नसत. चूळ भरायचे आणि बाटलीचं झाकण लावून टाकायचे. मीही प्यायचे नाही. बाईमाणसानं कंडक्टर व्हायचं तर तहानेला घरी ठेवूनच निघावं लागतं, का ते स्टँडावरच्या मोऱ्या पाहिलेल्यांना सांगायला नको. आमची दोस्ती जमली ती या एका गोष्टीवर.

मग त्यांना बीपी निघालं. डॉक्टरांनी दिलेली गोळी लघवी वाढवणारी. मामा राहायला आमच्याच वाटेवरच्या पाटसला. मामी रोज सकाळी थांब्यावर डबा आणून द्यायच्या आणि चपात्यांवर कागदाच्या पुडीत ती गोळी ठेवलेली असायची. मामा पुडी माझ्या हातात द्यायचे. "टाका बाई कुठंतरी. ही घेतली की दर अर्ध्या तासाला उतरावं लागतंय. साठ माणसं बसवून ड्रायव्हरनं बाभळीआड जायाचं व्हय?" घ्यायचे ते फक्त सुट्टीच्या दिवशी. मी पोट धरून हसायचे आणि पुडी न्हावऱ्याला खिडकीतून भिरकावून द्यायचे. मामी मला हळूच विचारायच्या, "घेत्यात ना गं गोळी?" मी म्हणायचे, "घेतात की." इतकं सोपं होतं ते. मामांना कधी चक्कर आली नाही की डोकं दुखलं नाही. हारतुरे घेऊन ठणठणीत रिटायर झाले.

दोनेक वर्षांनी मामींचा फोन आला. "माणूस पार आळशी झालाय बघ." मी गेले तर मामा सदरा हातात धरून पलंगावर बसलेले. अर्धा तास झाला होता म्हणे. काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागायचा. बाहेर निघाले की उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यागत उभे. विसरले म्हणावं, तर मी थांबे विचारले. हळूहळू, पण एकही न चुकता सांगितले: "पाटस, वरवंड, चौफुला, केडगाव, पारगाव, न्हावरा..." वर माझी कुठल्या फेरीला किती तिकिटं उरली होती तेही. मी हसून म्हटलं, "सगळं तर आठवतंय! नाटकं करू नका मामा, उठा." त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

दौंडच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला लावला. त्यात पांढरे ठिपके होते, बरेच. ते म्हणाले, "मोठ्या रक्तवाहिन्या बऱ्या आहेत. पण केसासारख्या बारीक असतात त्या वर्षानुवर्षांच्या बीपीनं जाड झाल्यात, काही बंद पडल्यात. त्यांच्यावर जगणारा भाग उपाशी राहून सुकत गेला. हाही डिमेन्शियाच. यात आठवण नंतर जाते. आधी जातं ते सुरुवात करणं, ठरवणं, पाऊल उचलणं." मग त्यांनी विचारलं, "गोळी नियमित होती ना?"

"एक दिस चुकवला न्हाई सायेब," मामी म्हणाल्या. मी फरशीकडे पाहिलं. मामा माझ्याकडे पाहत होते.

एकदा मामा असेच उंबऱ्यात अडकले असताना माझ्याकडून सहज स्टीलच्या पेल्यावर चमचा दोनदा वाजला. आणि मामांचा पाय उचलला! मामी रडायला लागल्या. मग काही महिने त्या घरात डबल बेलवरच सगळं चाललं. पुढे पुढे बेलही पुरेना. मी दोनदा वाजवलं, परत वाजवलं. मामांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बेल ऐकली बाई. गाडीच उचलंना." आत माणूस जागा होता आणि त्याला दार उघडता येत नव्हतं. मला तिथं बसवेना.

मी ठरवलं, मामींना आज सांगायचंच. त्या मामांच्या जिभेवर गोळी ठेवत पुटपुटत होत्या, "रोज डब्यात दिली, तरी असं कसं झालं गं?" मी म्हटलं, "मामी, त्या गोळ्या..." तेवढ्यात मामांचं बोट खुर्चीच्या हातावर आपटलं. ठक्. हल्ली त्यांना सगळ्यालाच वेळ लागायचा, म्हणून मी दुसऱ्या आवाजाची वाट पाहिली. खूप वेळ पाहिली. तो आला नाही. मामा माझ्याकडे एकटक पाहत होते. मी वाक्य तिथंच थांबवलं.

मामा गेले त्याला वर्ष होईल. आता तीच गोळी मलाही लागली आहे. ती घेऊनच ड्युटीवर येते, चौफुल्याला गाडी थांबवून खाली उतरते. लोक ओरडतात. ओरडू देत.

मामी अजून कधीकधी पाटसच्या थांब्यावर येतात. हातात डबा नसतो. खिडकीची कड धरून विचारतात, "मी एक दिस चुकवला न्हाई ना गं?"

"नाही चुकवला, मामी," मी म्हणते, आणि घाईघाईनं डबल बेल देते.