पाटावरचा तोरुमी

मी तिसरी पास आहे आणि गेली बेचाळीस वर्षं शाळा चालवतो.

(हसू नका. आमच्याकडे गणपती घडवायच्या जागेला शाळा म्हणतात.) मालवणच्या आतल्या बाजूला, खाडीच्या काठी आमची वाडी. घराच्या मागच्या पडवीत माझी शाळा. नागपंचमी आली की लोक आपापल्या घरचा लाकडी पाट आणून देतात. त्याच पाटावर त्यांचा गणपती घडतो आणि चतुर्थीला त्याच पाटावर बसून, कुणाच्या तरी डोक्यावरून घरी जातो. पाट बदललेला चालत नाही. आज्याचा पाट नातवाकडे येतो, तसा माझ्याकडेही येतो.

माझ्याकडे पन्नासच्या वर पाट येतात. एकावरही नाव नसतं. एकाचा कोपरा वाळवीने खाल्लेला, एकाला खालून चार खिळे, एकाला मधोमध चीर. मी नुसता हात फिरवतो आणि सांगतो, हा अमक्याचा, तो तमक्याचा. बेचाळीस वर्षांत एकाचा गणपती दुसऱ्याच्या घरी गेला असं एकदाही झालं नव्हतं. गेल्या वर्षीपर्यंत.

गेल्या श्रावणात माझी नात स्वरा पुण्याहून आली. कॉम्प्युटरवरची नोकरी, त्यामुळे ती पुण्यात बसून करते तीच इथे माजघरात बसूनही करते. आल्या आल्या तिने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

"आबा, मला हा घडवून द्याल?"

बघतो तर निळसर हिरव्या अंगाचा, सुपाएवढ्या कानांचा, चार हातांचा कोणीतरी उभा.

"ह्यो कोण गो?"

"तोरुमी."

"खंयच्या गावचो?"

"गावचा नाही आबा, परग्रहावरचा. एक जपानी ॲनिमे आहे, त्यात ही जमात आहे. त्यांच्या ग्रहावर सगळं पाणीच पाणी. ते कानांनी पोहतात."

"आणि तोंड खंय हेचा?"

"तोंड नसतं त्यांना. बोलत नाहीत, नुसतं गुणगुणतात. जेवतात तळहातांनी."

"मगे आचवतत कशान?"

जपान्यांनी त्याचा विचार केलेला दिसत नाही.

माझी बायको सुलोचना तांदूळ निवडत ऐकत होती. ती म्हणाली, "तोंड नाय? बरी जमात. ह्यांका थंयच धाडूक होया."

मला मात्र त्यांचे चार हात आवडले. रापण ओढायला अशी माणसं मिळाली तर समुद्रात मासा उरणार नाही. शिवाय स्वराने सांगितलं की पुण्यात ह्या ॲनिमेचे चाहते जमणार आहेत, प्रत्येकजण आपली मूर्ती मांडणार, आणि बाकीचे सगळे छापखान्यातून पुस्तक काढावं तसे यंत्रातून तोरुमी काढून आणणार. यंत्रातून! हे ऐकल्यावर मी मातीत हात घातलाच.

आता अडचण पाटाची. मेस्त्री जमिनीवर काही घडवत नाही, आणि आलेले पाट सगळे देवांचे. मग मी स्वयंपाकघरात गेलो आणि मी रोज ज्या पाटावर बसून जेवतो तो उचलला.

ह्या पाटाची थोडी हकिकत सांगायला हवी. वाडीच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या दाजी परबाच्या आणि आमच्या शेतांच्या मधल्या बांधावर पूर्वी एक फणस होता. तो पडला तेव्हा माझ्या बापाने एकाच फळीचे दोन पाट काढले. एक दाजीकडे गेला, त्यावर त्यांचा गणपती बसतो. दुसरा आमच्याकडे राहिला, त्यावर मी बसतो. सख्खे भाऊच. फरक एवढाच की दाजीच्या पाटाच्या कडेला समईने जळल्याचा एक गोल डाग आहे आणि आमच्या पाटावर माझ्या बसण्याची झिलई आहे.

"आता जेवूक खंय बसतल्यात?" सुलोचनाने विचारलं.

"पोत्यार."

कित्येक आठवडे पोत्यावर जेवलो. कलेसाठी माणूस काय काय करतो.

तोरुमी घडायला लागला तसं भांडणही घडायला लागलं. एके दिवशी स्वरा पडवीत आली आणि थबकली.

"आबा, ह्याला पोट आलंय."

"येतलाच. चार तळहातान खाणारो माणूस बारीक रवात कसो?"

"तोरुमी सडपातळ असतात! अख्ख्या ग्रहावर एकालाही पोट नाही."

"मगे ह्यो पयलो."

खरं सांगायचं तर मी ते पोट मुद्दाम काढलं नव्हतं. छातीच्या खाली आला की माझा हात आपोआप गोल फिरतो. बेचाळीस वर्षांची सवय. पण एकदा काढलं ते काढलं. माझ्या शाळेतून उपाशी चेहऱ्याचं कोणी बाहेर पडलेलं नाही, मग ते कुठल्याही ग्रहावरचं असो. (गुपचूप एक बारीकसं हसरं तोंडही काढलं होतं. ते तिने अंगठ्याने पुसून टाकलं.) शेवटी तडजोड झाली: तोंड तिच्या मताने नाही, पोट माझ्या मताने आहे.

मूर्ती वाढल्या, पडवीत पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा स्वरा कागदाच्या चिठ्ठ्या कापून घेऊन आली.

"आबा, प्रत्येक पाटावर नाव लिहून चिकटवते. ऐन वेळी घोळ नको."

"चिठ्ठी बघून देव देवचो, तर मेस्त्री कित्याक होयो?"

"पण एखादा चुकला तर?"

"मी?" असं म्हणून मी त्या चिठ्ठ्या मातीच्या बादलीत बुडवल्या. (मला वाचायला जरा वेळ लागतो, हेही एक कारण होतं. पण ते नातीला कशाला सांगा.)

चतुर्थीच्या आदल्या दिवशी तोरुमीचा रंग सुकला. सुलोचना म्हणाली, देवांच्या मधोमध ह्याला असा उघडा ठेवणं बरं दिसत नाही. तिने आपल्या जुन्या लाल लुगड्याचा तुकडा आणून त्याला डोक्यापासून झाकला. शेजारी दाजीचा गणपती होता, तो उघडाच. दाजीने त्याच्यासाठी लाल कापड आधीच पाठवून दिलं होतं. ते खुंटीला लटकत होतं. हे सुलोचनाने सांगितलंही असेल. मी ऐकलं असेन असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जत्रा. टाळ, झांजा, मोरया, नारळ-विडे. एकेक पाट उचलून मी एकेकाच्या डोक्यावर देत होतो, एकही नाव न विचारता. छाती कशी भरून आली होती. तेवढ्यात दाजी आला. माझ्याच वयाचा, माझ्याएवढाच हट्टी. घरी पोरं-पुतणे असताना गणपती स्वतःच्याच डोक्यावरून नेणारा.

"मेस्त्री, आटपा. भट दहाक येतलो. तेका पुढे आणखी सात घरां आसत. उशीर झालो तर तो थांबाचो नाय."

"तुझो कधीच तयार आसा."

लाल कापड दिसलं. पाटाच्या कडेवर हात फिरवला, फणस. कापडावरून पोटावर हात ठेवला. पोट माझंच, ह्यात शंकाच नव्हती. ह्या जिल्ह्यात असं पोट दुसरा कोणी काढत नाही.

"घे. मोरया!"

दाजी निघाला. पुढे झांजा, मागे पुतणे. मी अभिमानाने बघत राहिलो.

पडवी रिकामी झाली तेव्हा स्वरा चहाचे कप गोळा करत आली आणि मध्येच थांबली.

"आबा, माझा तोरुमी कुठे आहे?"

"थंयच. लाल कापडात."

"इथे लाल कापड फक्त खुंटीवर आहे." मग ती हळू आवाजात म्हणाली, "आणि हे दाजीआजोबांचे गणपती ना?"

"नाय," मी म्हणालो.

"मग कोणाचे?"

मी खाली वाकलो. पाटाच्या कडेला समईचा गोल डाग. तो इतका स्पष्ट होता की माझ्याकडे बघतोय असं वाटलं. मी मटकन खाली बसलो. पाट नव्हताच, त्यामुळे जमिनीवर.

म्हणजे तिकडे दाजीच्या घरी आता भट संकल्प सोडणार, आणि कापडाखालून निघणार परग्रहावरचा. भट थांबणार नाही. दाजीच्या घरची चतुर्थी माझ्यामुळे मोडणार. ह्यापुढे वाडीत कोणी माझ्याकडे पाट देताना दोनदा बघणार.

मी गणपती डोक्यावर घेतला. वय बहात्तर. वाटेने गेलो तर उशीर, म्हणून शेताच्या बांधावरून निघालो. पुढे स्वरा, मागून सुलोचना.

"मोरया तरी म्हणा," ती ओरडली. "देवाक काय चोरून नेतास?"

मला बोलायला दम नव्हता. मधल्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, गुडघाभर पाणी होतं. स्वरा एकटीच मोरया म्हणत होती आणि माझं कोपर धरून होती. शेतातून कोणीतरी हाक मारली.

"मेस्त्री, आज स्वता पोचवतास?"

"व्हय," मी म्हणालो. "दाजीचो मान आसा."

दाजीच्या अंगणात पोचलो तर घरात शांतता. चतुर्थीला घरात शांतता म्हणजे वाईट. आत गेलो. वर माटवीच्या लाकडी चौकटीला काकड्या, नारळ, रानातली कवंडळं टांगलेली, आणि खाली, चारही तळहात पुढे करून, सुपासारखे कान पसरून तोरुमी बसलेला. दाजीची बायको दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी. भटजींच्या हातातल्या दूर्वा हातातच. दाजीची नव्वद वर्षांची आई, आम्ही तिला बायो म्हणतो, तिला नीट दिसत नाही. तिचा नमस्कार करून झालेला होता.

"मेस्त्री," भटजी म्हणाले, "हे रूप मला माहीत नाही."

दाजी ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलला.

"भिकू, सोंड खंय रे?"

इतक्या वर्षांत त्याने मला मेस्त्री सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. हे नवं रूप आहे, हे कोकणाबाहेर चालतं, असलं काहीतरी जिभेवर आलंही होतं. पण मानेवर देवाचं वजन होतं.

"सोंड माझ्या डोक्यार आसा," मी म्हणालो. "आदी उतरून घे."

दाजीने आणि पुतण्याने धावत येऊन मूर्ती उतरवली. दाजीने पाटाच्या कडेचा डाग बघितला, मग माझ्या भिजलेल्या धोतराकडे बघितलं.

"मी चुकलंय," मी म्हणालो. हे दोन शब्द मला आता सांगतानाही जड जातायत, तेव्हा पुन्हा म्हणायला लावू नका, पुढे चला.

भटजींनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "आहे वेळ. बसवा." स्वराने आपला तोरुमी उचलून बाजूला घेतला, तिथे दाजीचा गणपती बसला, आणि पूजा सुरू झाली. मी तेव्हा कुठे पडवीत जाऊन धोतर पिळलं.

आरती झाली तशी बायोने विचारलं, "मगे आदी इललो तो कोण?"

स्वरा तिच्याजवळ जाऊन बसली. "तो तोरुमी, आजी. दुसऱ्या ग्रहावरून आलाय."

"लांबसून?"

"खूप लांबून."

बायोने हात पुढे करून तोरुमीचा चेहरा चाचपला. "तोंड नाय गो हेका?"

"नाही. तळहातांनी खातो."

"मगे चार मोदक आणा. चवथीक घराक इललो पावणो उपाशी जाता नये."

दाजीच्या बायकोने खरंच चार मोदक आणले आणि चार तळहातांवर एकेक ठेवला. दाजीने वाकून त्याच्या पोटावर हात ठेवला. मग म्हणाला, "पोट बघशात तर वाटेत खंयतरी जेवनच इललो दिसता." आणि हसायला लागला तो थांबेचना. त्याच्या हसण्याने माझ्या जिवावरचं ओझं उतरलं, ते मघाच्या मूर्तीपेक्षा जड होतं.

त्या दिवशी दाजीकडे दर्शनाला सगळी वाडी लोटली. लोक गणपतीला हात जोडत, देखणा झालाय म्हणत, आणि मग हळूच पडवीत जात. तिथे तोरुमी मोदक धरून बसलेला. दाजी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "भिकू मेस्त्रीन आमका दोन मूर्त्यो दिल्यान." मी ते नाकारलं नाही.

तोरुमी पुढे पाटासकट पुण्याला गेला. यंत्रातून निघालेल्या सडपातळांमध्ये हा एकच पोटवाला. लोकांनी विचारलं, पोट कसं? स्वराने माझं उत्तर दिलं, चार तळहातांनी खाणारा बारीक राहील कसा? त्यांना ते पटलं म्हणे. यंदा तिघांनी पोटासकट तोरुमी मागितलाय. मी कळवलंय, पाट घेऊन या, मग बघू.

आमचा फणसाचा पाट पुण्याहून परत आला आणि मी पोत्यावरून उठलो. सुलोचना वाढता वाढता म्हणाली, "अख्ख्या गावच्या पाटांची वळख. बुडाखालच्या पाटाची तेवढी नाय."

स्वराने त्या पाटावर एक चिठ्ठी चिकटवून पाठवली आहे. तिच्यावर काय लिहिलंय, हे दाजी मला रोज विचारतो. मला ठाऊक नाही. पाट मांडते सुलोचना, उचलतेही तीच. मधल्या वेळात मी चिठ्ठीवर बसलेला असतो.