बेटावरची हाक

काल मळ्यात संत्र्याच्या झाडांवर गंधक फवारताना तो वास नाकात शिरला आणि मी नांदगावहून थेट अंदमानच्या समुद्रात जाऊन पोचलो.

तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. माझा धाकटा भाऊ विजू विहिरीत बुडून गेला, त्याला वर्ष झालं होतं. आईनं बोलणंच टाकलं होतं. तिचं मन रमेल म्हणून बाबांनी ही सहल काढली होती. ज्वालामुखीच्या बेटावर उतरायची मनाई होती, म्हणून बोटवाल्यानं जरा लांबच इंजिन बंद केलं. समोर काळेभोर उतार, शेंड्यावर धूर आणि हवेत हाच वास. एकही पाखरू नव्हतं.

आई एकदम उठली. "विजू हाका मारून राह्यला! 'आई, पाय पोळून राह्यले' म्हणते."

"तठी कोणी नाई," बाबा म्हणाले.

पण ती कठड्यावरून वाकली. बाबांनी तिला कमरेला घट्ट धरलं, जरा थांबले आणि बेटाकडे तोंड करून ओरडले, "विजू, आमी आता घरी चाललो रे बाबू! तूबी झोप आता!"

आई खाली बसली आणि वर्षभरात पहिल्यांदा रडली.

बाबांनी तिची समजूत काढली, असंच मी धरून चाललो होतो. त्यांच्या शेवटच्या आजारपणात सहज विचारलं, "बाबा, तुमी तवा कावून ओरडले?"

त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. "पोरगं इतक्या हाका मारून राह्यलं होतं. ओ नको द्याले?"