फळ्यासाठी एक वाक्य

वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटमधील समस्त मराठी जनांस कळविण्यात येते की, पुंजभौतिकीचा (म्हणजे क्वांटम फिजिक्सचा) पाया घालणाऱ्या एका थोर जर्मन शास्त्रज्ञाच्या जीवनकार्यावर मी मंडळात दिलेले व्याख्यान प्रचंड गाजले. विशेषतः अखेरीस मी उद्धृत केलेलं त्या शास्त्रज्ञाचं वाक्य: 'निसर्गापुढे मी जन्मभर पहिलीतलाच विद्यार्थी राहिलो.'

पहिल्या रांगेत शेजाऱ्याचे वडील होते. साताऱ्याकडे भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. प्रत्येक वाक्य वहीत उतरलं की पेनाला टोपण लावायचे आणि पुढच्या वाक्याला पुन्हा काढायचे.

आठवड्याने ते आमच्या दारात आले. पायात मुलाचे मोठे जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी स्लिपर, हातात तीच वही.

"ते वाक्य आमच्या शाळेच्या फळ्यासाठी पाठवतोय. पण इथल्या लायब्ररीतली दोन्ही चरित्रं वाचली, सापडलं नाही. माझीच नजर कमी पडली असणार. कुठे आहे हो?"

"पत्रव्यवहारात," मी म्हणालो. "खंड दुसरा."

त्यांनी टोपण काढलं, 'खंड दुसरा' लिहिलं, टोपण लावलं. "उद्या ट्रेनने वेलिंग्टनच्या मोठ्या लायब्ररीत जाऊन बघतो. पान माहीत नसताना पोरांना कसं द्यायचं?"

मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मी जँडल्सकडे बघत उभा राहिलो.

तेवढ्यात आतून बायको म्हणाली, "काका, जाऊ नका. ते वाक्य यांनी आंघोळ करताना रचलंय."