विहारातून परत आणलेली किसमिस

आमच्या लाखनीत किसमिस बंद पाकिटात खपत नाही. गिऱ्हाईक आधी दोन दाणे तोंडात टाकतं, मग भाव करतं. म्हणून कंपनीची पाकिटं आली की मी ती कापून बरणीत ओतायचो. हातगाडीपासून दुकानापर्यंत मी असाच आलो.

त्या बुद्धपौर्णिमेला सकाळीच एजंटचा फोन आला. किसमिसच्या एका लॉटमध्ये तारेचे बारीक तुकडे निघाले होते. त्या लॉटची पाकिटं परत पाठवा, म्हणाला. मी त्याला वाटेल ते बोललो. लॉट नंबर छापलेली पाकिटं कधीच कचऱ्यात गेली होती आणि बरणीत तीन-चार लॉट एक झाले होते. फोन ठेवल्यावर आठवलं, आदल्या दिवशी विहारात खिरीसाठी दिलेली किसमिस त्याच बरणीतली.

विहाराचं सामान वर्षानुवर्षं चौकातल्या मोठ्या दुकानातून जायचं. आपल्या समाजाचं दुकान असताना तिकडे कशाला, म्हणून मी कमिटीशी तीन वर्षं भांडलो, तेव्हा कुठे यादी माझ्याकडे आली होती. तारेबद्दल गप्प बसलो असतो तर कदाचित काही झालंही नसतं. विहार येईपर्यंत मोटरसायकलवर हाच विचार चालू होता.

चुलीवर दूध उकळत होतं. महिला मंडळाच्या एक म्हाताऱ्या मावशी किसमिस धुऊन परातीत पसरत होत्या. मी तारेचं सांगितलं. त्या मान वर न करता म्हणाल्या, "तांदळातले खडे निवडतो, तशी तारही निवडू. तुमी कायले घाबरून राहिले?"

"मावशी, केसाएवढी तार तुमाले दिसन काय? लेकराच्या घशात गेली तं?"

त्यांनी परात माझ्याकडे सरकवली. "यादीसाठी भांडले, आता परत नेयासाठीही भांडून राहिले. घेऊन जा बापा."

मी ओली किसमिस पिशवीत भरली. मावशींनी चौकातल्या दुकानात माणूस पाठवला. तिथे दुसऱ्या कंपनीची बंद पाकिटं होती. त्या शेठनं ती दान म्हणून दिली, पैसे घेतले नाहीत. वंदनेनंतर माईकवर त्याचे आभार मानले गेले. मी मागच्या रांगेत बसून खीर खाल्ली. माझं नाव निघालं नाही, चांगल्यासाठी नाही आणि वाईटासाठीही नाही.

पुढच्या वर्षी यादी परत चौकातल्या शेठकडे गेली. कमिटीतले लोक दुकानासमोरून जाताना जयभीम घालत होते, मीही घालत होतो. भांडायला या वेळी गेलो नाही. अंगात तेवढा जीवच उरला नव्हता.