पिवळा दिवा लागलेल्या गाडीतून नेसरीला

नेसरीला जायचं ठरलं ते दाजींच्या गाडीमुळे आणि तिथं अडकलो तेही त्याच गाडीमुळे. कोल्हापूरहून त्या बाजूला जाणाऱ्यांसाठी रस्त्याची माहिती मधे मधे देतोच, पण आधी आमच्या आईची शपथ सांगायला हवी.

नेसरी हे आईचं माहेर. ताईच्या लग्नात आमच्या मामानं, म्हणजे आईच्या धाकट्या भावानं, भर मांडवात विचारलं होतं, "आक्का, पोरगी देतीयास खरं, पर नवऱ्याकडं सायकल तरी हाय का?" दाजींकडे तेव्हा खरोखरच सायकलसुद्धा नव्हती, त्यामुळे आईला ते जास्तच झोंबलं. "आता जावयाच्या मोटारीतनंच तुझ्या दारात उतरतो. तवर पाय ठेवत न्हाय!" म्हणून ती जी उठली, ती उठलीच. (आमच्याकडे बायका 'येते, जाते' म्हणत नाहीत, 'येतो, जातो' म्हणतात. बाहेरच्यांनी दचकू नये.) पुढं दर दिवाळीला मामा फराळ घेऊन यायचा आणि आई मागच्या दारानं देवळात पळायची. मामाही काही कमी नाही. माफी मागायचं सोडून आमच्या चकल्यांना नावं ठेवून जायचा.

ही गोष्ट दोन हजार आठच्या आसपासची. पुण्यात दाजींचं बस्तान बसलं होतं आणि ते परदेशी बनावटीची गाडी घेऊन कोल्हापुरात आले. सगळी गल्ली बघायला जमली. आईनं गाडीला ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि दाजींना एवढंच म्हणाली, "उद्या नेसरी." दाजींनी ताईकडं बघितलं, ताईनं वर छताकडं बघितलं. बाबांचे गुडघे अशा वेळी नेमके दुखतात, ते घरीच राहिले.

सकाळी निघताना मी आगाऊपणा केला आणि गाडी ओळखीच्या हवावाल्याकडे नेली. कोल्हापुरात पाहुण्याला काही मोजून द्यायची पद्धत नाही. ताटात वाढलेला रस्सा असो नाहीतर चाकातली हवा असो, हात आखडता घेतला की यजमानाची अब्रू जाते. "पावणं पुण्याचं हाईत व्हय? मग जरा जादाच घालतो की," म्हणत त्यानं पुढची दोन्ही चाकं टम्म फुगवली. मागच्या चाकांकडे वळला तेव्हा दाजी ओरडत धावले आणि तेवढी वाचली.

कागलला मिसळ खाल्ली. मिसळ खायची तर हायवेच्या चकाचक हॉटेलात जाऊ नका, बसस्टँडच्या आसपास विचारा, आणि पाव संपला की दुसरा मागायला लाजू नका. तिथून निघालो आणि निपाणीच्या अलीकडे स्टिअरिंगमागच्या वेगाच्या काट्यांच्या मधोमध पिवळा दिवा लागला. कढई आणि तिच्यात उद्गारचिन्ह, असं काहीतरी ते चित्र होतं.

दाजींनी गाडी बाजूला घेतली आणि घाम पुसला. "टायरमधली हवा कमी झाली की लागतो हा. आता जोरात नाही चालवायची."

"मग हळू चालीव. पर चालीव," आई मागनं म्हणाली.

चौपदरी रस्ता, चतकोर खड्डा नाही, आणि आमची लाखमोलाची गाडी कडेकडेनं अशी चालली होती की उसाच्या ट्रॅक्टरनं आम्हाला मागं टाकलं. वर ट्रॅक्टरवाल्यानं हात करून विचारलं, "ढकलू का?" आईचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

संकेश्वरला पंक्चरवाला गाठला. तिथं बोली निम्मी मराठी, निम्मी कानडी. त्यानं चारी चाकांवर साबणाचं पाणी ओतलं, वाकून बघितलं आणि मान हलवली. "लीक इल्ला साहेब. चाकं झ्याक हाईत."

"मग दिवा का लागतोय?"

"दिवा खुळा हाय. त्येच्यावर चिकटपट्टी लावा आनि जावा की."

दाजी त्याच्याशी वाद घालत होते तेवढ्यात आईनं पुढं वाकून कपाळावरची टिकली काढली आणि दिव्यावर चिकटवली. "झालं. चला." दाजींनी हळूच ती काढायला हात नेला, पण सासूच्या टिकलीला जावयानं हात कसा लावायचा हे त्यांना कळेना. शेवटी ताईनं काढली आणि आईला परत दिली.

तोडगा निघाला गडहिंग्लजला, चहाच्या गाड्यापाशी. दाजींनी पुण्याच्या शोरूमला मोबाईल लावला. तुमच्याकडे अशी गाडी आली असेल तर हे नीट वाचा, कारण तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं. ही गाडी चारी चाकांचा हिशेब एकमेकांशी लावून बघते. एखादं चाक जास्त फुगलं तरी तिला वाटतं, बाकीची बसली. म्हणून आधी ड्रायव्हरच्या दरवाजाच्या आतल्या चिठ्ठीवर लिहिलेली हवा चारी चाकांत भरायची, तीही चाकं थंड असताना. मग स्टिअरिंगखालचं बटण दाबून धरायचं, दिवा मिचमिच करायला लागला की सोडायचं आणि थोडा वेळ एका वेगात गाडी चालवायची. म्हणजे 'आता हे बरोबर' असं ती डोक्यात धरते.

चाकं थंड होईपर्यंत दोन दोन चहा झाले. पाहुणचाराची जास्तीची हवा फुस्स करून काढली, बटण दाबलं आणि नेसरीच्या रस्त्याला थोडं पुढं गेल्यावर दिवा गप झाला. दाजी एवढे खूश झाले की शीळ घालायला लागले. हा रस्ता अरुंद आहे, पण दोन्ही बाजूंना शेतं आणि लांबवर डोंगर. हिवाळ्यात जा, जीव हरखतो.

मामाच्या दारात आई उतरली. उतरली म्हणजे काय, आधी दार उघडं धरून बसली, गल्लीतली माणसं जमू दिली आणि मग पदर सावरत एकेक पाय खाली ठेवला. मामा उंबऱ्यात उभा होता. त्यानं गाडी बघितली, दाजींना बघितलं आणि म्हणाला, "सायकलीपरीस बरी हाय."

झालं! आईनं तोंड असं मिटलं की मला वाटलं, आता इथनंच परत. मामीनं पायावर पाणी घातलं, हाताला धरून आत नेलं. जेवणं झाली, पण बहीणभावात एक शब्द नाही. आई मामीला म्हणायची, "भाकरी मऊ झाल्यात, सांग तुझ्या मालकाला," आणि मामा भिंतीला सांगायचा, "पीठ आमच्याच शेतातलं हाय." जेवण होताच आई हात धुऊन उठली. "उतरायचं होतं, उतरलो. चला आता." मामी रडवेली झाली. ताईनं समजावलं, मी समजावलं. मामा उठून बाहेर निघून गेला. मला त्याचा असा राग आला! एवढं 'ऱ्हा की आक्का' म्हणायला काय जीभ झडणार होती?

आम्ही गाडीत बसलो. दाजींनी चावी फिरवली आणि गल्लीच्या वळणापर्यंत जातोय तोच पिवळा दिवा पुन्हा हजर.

"परत खुळी झाली ही," दाजी आता जाणकाराच्या थाटात म्हणाले. खाली उतरून चाक बघायचं सोडून त्यांनी खुशाल बटण दाबून धरलं. दिवा मिचमिचला आणि गेला. "बघितलं? रिसेट!" चार हात पुढं गेलो आणि मागनं धब धब धब. चाक पार जमिनीला टेकलेलं. तेव्हा वाचकहो, हे बटण चाकात हवा भरत नाही. ते फक्त गाडीला गप्प बसवतं.

स्टेपनी या गाडीला नसतेच. तिच्याऐवजी एक छोटा पंप देतात आणि तो पुण्यात दाजींच्या कपाटात होता. मामा लगबगीनं आला, चाक बघून च्यक् च्यक् केलं, म्हणाला, "गावातला पंक्चरवाला लग्नाला गेलाय. सांगावा धाडलाय. उद्या सकाळशिवाय काय येत न्हाय त्यो."

आईला उतरावं लागलं. संध्याकाळी मामीनं कोंबडं कापलं, तांबडा-पांढरा रस्सा झाला आणि दुसऱ्या वाटीला आईचा बांध फुटला. मांडवातल्या त्या बोलण्यावरून ती मामाला जे काही बोलली ते इथं लिहिता येणार नाही. मामाही ओरडला, "तुला न विचारता मी आईचं डोरलं मोडलं तवा तू काय बोललीस का? मग यकदा मी बोललो तर यवढं!" आजीच्या आजारपणात विकलेल्या त्या सोन्याच्या डोरल्याचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. दोघं भांडत भांडत कधी रडायला लागली कळलं नाही. ताई आणि मी आपापल्या वाट्यांत बघत बसलो.

सकाळी पंक्चरवाला आला. चाक काढून पाण्यात बुडवलं. एक बुडबुडा नाही. "पंक्चर न्हाय वो ह्ये. कुनीतरी हवा सोडलीया." मामा गल्लीतल्या पोरांवर एवढ्या मोठ्यानं खवळला की शेजारची गाय उठून उभी राहिली. हवा भरली, बटण नियमानं दाबलं आणि डिकीत तांदळाचं पोतं, गुळाच्या ढेपा, काकवीचा डबा असं सगळं भरून निघालो. आईनं मामाच्या पाठीत एक धपाटा घातला. तोच निरोप.

वाटेत दाजी हळूच मला म्हणाले, "पंक्चरवाला कुठल्या लग्नाला गेला नव्हता. काल दिवसभर दुकानातच बसला होता, तोच म्हणाला."

आता विचाराल, ट्रिप कशी झाली? रस्ते उत्तम, खाणं त्याहून उत्तम, गाडीचं काय ते सांगितलंच. घरी आल्यावर मला मात्र चैन पडेना. आई तांदूळ निवडत बसली होती, तिच्यासमोर जाऊन बसलो आणि मोठं गुपित फोडल्यागत म्हणालो, "आई, हवा मामानंच सोडली होती."

"म्हाईत हाय. सैपाकघरातल्या खिडकीतनं बघितलं की. चाकापाशी वाकून बसला हुता."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस? मुकाट्यानं गाडीत जाऊन बसलीस ती!"

आईनं एक खडा उचलून बाजूला टाकला.

"जल्मात कुनाफुडं वाकला न्हाय त्यो. माझ्यापायी वाकला, आनि मी त्येला उठीवतो व्हय?"