सायलीचा निळा कॅनव्हास

राजपुऱ्यात उषाबाईंच्या रांगोळीचा दरारा होता. दरारा हाच शब्द बरोबर, कारण त्यांच्या दारावरून जाताना दूधवालासुद्धा सायकलवरून उतरायचा आणि ती हातात धरून कडेकडेने न्यायचा. गल्लीत लग्न निघालं की आचाऱ्याच्या आधी उषाबाईंना निरोप जायचा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळी शोभा त्या स्वतःच झाडून, सडा घालून मोकळ्या व्हायच्या. कालची रांगोळी आज दारात दिसली तर त्या घरातली बाई आळशी, असं त्यांचं रोखठोक मत होतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा निरंजन इच्छापूरच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला आणि ते दार कोरं झालं. मरण झालेल्या घरी वर्षभर रांगोळी पडत नाही, म्हणून तोवर कुणी काही बोललं नाही. वर्षश्राद्ध झाल्यावर मात्र शेजारणी म्हणू लागल्या, "आता घाला उषाबाई दोन ठिपके, घराले बरं दिसते." उषाबाई पाट घेऊन दारात बसल्या, चिमूट भरली आणि तशाच उठून आत आल्या. हात चालेना. नवरा आधीच गेलेला. घरात उरल्या त्या आणि सून सायली.

सायली एका खाजगी शाळेत गणित शिकवायची. सासूचा रिकामा हात तिला बघवेना, आणि स्वतःचं रडणंही वर्षभर कुठेतरी अडकून बसलं होतं. तिने मोबाइलवर बघून दोन कॅनव्हास, रंगांच्या ट्यूबा आणि पांढऱ्या लेपाचा डबा मागवला.

"आई, आपण अ‍ॅब्स्ट्रॅक्ट करू. यात कशाचीच शकल, आकार काढायचा नाही. फूल नाही, मोर नाही. रंग घ्यायचा आणि फिरवायचा, बस."

"मग काढलं काय म्हणायचं?"

"काहीच नाही. जे मनात आहे ते."

"मनातलं कोणी असं टांगून ठेवते का," उषाबाई म्हणाल्या. पण बसल्या.

पहिल्या रविवारी सायलीने त्यांना डोळे मिटून रंग फासायला सांगितलं. उषाबाईंनी डोळे मिटले आणि ब्रशच्या टोकाने ओळीत ठिपके टाकले, एकही इकडचा तिकडे नाही. सायली हसली, हसता हसता खाली बसली. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं. मग तिने डबा उघडून त्या ठिपक्यांवर पांढरा लेप ओढला. "टेन्शन नाही आई. बिघडलं की पांढरा मारायचा, परत नवीन."

एवढं मात्र उषाबाईंना चटकन पटलं. हा तर सडाच झाला, त्या म्हणाल्या.

पुढचे काही रविवार दोघी गच्चीवर बसल्या. उषाबाईंचा हात हळूहळू सैल पडला. फुलं आपोआप उमटायची थांबली. सायली मात्र आपल्या एकाच कॅनव्हासला धरून होती. निळ्यावर निळा, त्यावर पुन्हा निळा, मध्येच पिवळ्याचा एक ओरखडा. एका रविवारी तिने ब्रश खाली ठेवला आणि ती खूप रडली. त्या रात्री पोटभर जेवली. उषाबाईंनी भिंतीला टेकवलेले ते निळे फराटे पाहिले आणि मनात म्हणाल्या, पोरीला काही जमलं नाही, म्हणून रडली बिचारी. आपण विषय काढू नये.

शनिवारी सायली शाळेत गेली होती. उद्या रविवार; दमून येईल, तिची तयारी करून ठेवावी, असं उषाबाईंच्या मनात आलं. त्यांनी पदर खोचला, डबा उघडला आणि दोन्ही कॅनव्हास पांढरेशुभ्र केले. पहिला हात वाळल्यावर दुसराही मारला, पार कोपऱ्यांपर्यंत. किती दिवसांनी त्यांना काम नीट झाल्याचं बरं वाटलं.

सायली आली. "माझा कुठे आहे?"

"हा काय. तयार करून ठेवला तुयासाठी."

खांद्यावरची बॅगही न काढता सायली जमिनीवर बसली. "आई," ती म्हणाली, "त्यात निरंजन होता."

उषाबाईंनी ते निळे फराटे आठवून पाहिले. त्यात ना डोळे होते, ना नाक, ना त्याची ती नव्याने ठेवलेली मिशी. पोटचं पोर आठवडाभर समोर भिंतीला टेकून होतं आणि आईला ओळखू आलं नाही. वर तिनेच त्याला मन लावून पुसलं. त्यांनी ओलं फडकं घेऊन घासून पाहिलं, नखाने खरवडून पाहिलं. सायली चिडली असती तर त्यांना सोसलं असतं. ती चिडली नाही. तिने त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि चहा ठेवला.

पुढे उषाबाईंनी गुपचूप निळा रंग घेऊन बसून पाहिलं. आयुष्यात घातलेली कुठलीही रांगोळी त्या पुन्हा जशीच्या तशी घालू शकत होत्या. इथे धरायला काहीच नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी तो कॅनव्हास सायलीपुढे ठेवला.

"तू फक्त बोट ठेव. कुठं होता माया पोरगा, तेवढं दाखव. मी भरते."

सायलीने बोट उचललं. ते त्या पांढऱ्यावर वर गेलं, जरा डावीकडे सरकलं, थांबलं, पुन्हा खाली आलं. मग तिने हात मांडीवर घेतला.

"मलापण आता बराबर याद नाही, आई."