आईची मूठ आणि माझा वजनकाटा

चहाचा कप आधी खाली ठेवा, मग सांगतो. माती खाणारे खूप पाहिले असतील तुम्ही, पण मी टोपलीभर खाल्लीय!

विठ्ठलवाडी स्टेशनजवळ आईची खानावळ. बाबा गेल्यावर तिने दोन टेबलांवर सुरू केलेली. चिकन रस्सा, भाकरी, भात, बस्स. दुपारी बाहेर ही रांग! मग माझ्यासारखा शहाणा गप्प बसेल होय? मी ठरवलं, ब्रँच काढायच्या. एक आंबिवलीला, एक कोलशेतला.

"अगं, सगळीकडे चव एकसारखी लागली पाहिजे. तू काय तिन्हीकडे उभी राहणारेस?"

"मग कसं करायचं म्हणतोस?"

"तुझं माप काट्यावर घेतो. त्या आकड्यांनी कोणीही बनवेल."

आईचं माप म्हणजे मूठ. मीठ मुठीने, तिखट मुठीने. मी सोनाराकडे असतो तसला नाजूक काटा आणला. तिने मूठ उघडायची, मी आकडा लिहायचा.

आईच्या हाताखाली बारा वर्षं काम करणाऱ्या सुशीलाताई पातेल्याजवळ घुटमळत होत्या. मला वाटलं, ह्या रेसिपी फोडणार! म्हटलं, "ताई, जरा बाहेर थांबा. घरचं सिक्रेट आहे." त्यांनी आईकडे पाहिलं. आईने पुढच्या मुठीसाठी मिठात हात घातला. पदराला हात पुसत त्या बाहेर गेल्या.

इथवरच थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण नाही! कोलशेतला भरवशाचं माणूस हवं म्हणून ताईंना उचलून तिकडे काउंटरवर बसवलं. वर बढती दिली म्हणून स्वतःवरच खूश.

पहिल्याच आठवड्यात कोलशेतला एक काका म्हणाले, "रस्सा अळणी आहे हो."

"काका, ही ओरिजिनल विठ्ठलवाडीची चव आहे."

"मग ओरिजिनलमध्येच मीठ राहिलंय."

मी कुकला झापलं. तो बिचारा माझाच कागद नाचवत म्हणाला, "दादा, तुमच्याच आकड्याने टाकतो ना!" त्याला काढला, दुसरा आणला. त्याचाही रस्सा तसाच. आंबिवलीला लोक एकदा यायचे, परत फिरकायचे नाहीत.

आणि मग विठ्ठलवाडीची रांगही आटली. नऊ वर्षं रोज जेवणारा एक रेल्वेवाला अर्धं ताट सोडून उठला. "आज भूक नाही," म्हणाला. दुसऱ्या दिवशी समोरच्या गाडीवर वडापाव खात होता. मला बघून त्याने तोंड फिरवलं.

कोलशेतचं शटर कायमचं ओढलं त्या दिवशी मी सुशीलाताईंवरच भडकलो. "बारा वर्षं होतात ना तिथे? काय चुकतंय तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं ना दादा. पहिल्या दिवशीच."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हीच बाहेर थांबा म्हणालात. आणि ते माझं सांगायचं नाही. काकींना विचारा."

तसाच आईकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करताच म्हणाली, "तीन वर्षांपूर्वी ताप आलेला ना, तेव्हापासून जिभेला चवच नाही रे. मी अंदाजाने टाकायचे, सुशीला चाखून कमी-जास्त करायची. लोक जेवायचे तो रस्सा तिचा."

म्हणजे ज्या बाईची जीभ होती तिलाच मी बाहेर उभं केलेलं!

"अगं मग काटा लावला तेव्हा गप्प का बसलीस?"

आईने सूप बाजूला ठेवलं.

"दुकानात सुशीला होती. घरी कुठेय ती? घरचं तर मी एकटीच करते. तीन वर्षं रोज तुला वाढतेय. एकदा तरी बोललास, आई, मीठ कमी आहे? मला वाटलं, जीभ गेली तरी हात अजून बरोबर आहे. सुशीलाशिवायही जमेल."

घरी जेवताना माझ्या एका हातात घास आणि दुसऱ्या हातात फोन. त्या दिवसांत तर ताटात काय आहे हेही न बघता मी दुकानाच्या पाटीचा मजकूर जुळवत असायचो. खूप विचार करून शेवटी लिहिला, 'चवीशी तडजोड नाही!'